पावणेअकराची भेट

मुख्याध्यापिकेच्या दाराबाहेर मी शिपायाच्या स्टुलावर बसलो होतो, शेजारी बाकावर एक बापलेक.

“उद्यापासून तू दुसऱ्या तुकडीत. ही तुझी वर्गाची बाई वजाबाकी शिकवते की दोरीउड्या?”

“आधी जवळच्या दहावर उडी मारायची, मग पुढे. मला याच बाई हव्यात, बाबा.”

“उड्या बेडूक मारतात. माणसं उसने घेतात. शिपाईबुवा, आमची भेट कधी?”

“पावणेअकराला. आत्ता नऊ अठ्ठावन्न झालेत.”

“वही दे. दहा पंचेचाळीस वजा नऊ अठ्ठावन्न. पाचातून आठ जात नाहीत, उसना घेतला. सत्त्याऐंशी मिनिटं. याला म्हणतात वजाबाकी.”

“दोन मिनिटांनी दहा, पुढे पंचेचाळीस. माझी सत्तेचाळीसच होतात.”

“बाई तशी पोर. बस इथेच. मी सव्वा तासात दाढी करून येतो.”

तो गेला.

“शिपाईकाका, बाबा वेळेवर आले नाहीत तर?”

“भेट रद्द. पुढची वार्षिक परीक्षेनंतर.”

“तोवर याच बाई?”

“याच. का गं, हाक मारू का त्यांना? जिन्यातच असतील.”

“नको काका. त्यांनी उसने घेऊन काढलंय.”