पुलावरचा वारा

नाही ताई, माझ्यावर चिडून काय उपयोग? मी का तिला सांगतो पुढे जा म्हणून? बसा आधी — ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या — हां. तुमची संस्था सायकल देते, बूट देते, शर्यतीची फी भरते, वर तुम्ही स्वतः शिकवायला येता, आणि आमची भिंगरी काय करते? सगळ्यांच्या पुढे जाऊन एकटी समोरचा वारा अंगावर घेते! बाकीच्या पोरी तिच्या आडोशाने मजेत येतात आणि शेवटच्या वळणावर टाटा करून निघून जातात. बघवत नाही हो. मी कठड्याला धरून ओरडतो, अगं मागे राहा, मागे राहा — माझा आवाज तो केवढा, त्यात हा खोकला. परवा शेजारी उभा असलेला माणूस म्हणतो कसा, आजोबा, तुमची नात शर्यतीला आलीय की पोरींना पोचवायला?

आता या रविवारी पहिल्या पाचात आली नाही तर मदत दुसऱ्या मुलीला. कळतंय मला. तुम्ही तरी वरच्यांना किती समजावणार? काल जेवताना तिला विचारलं, बाई गं, ताई सांगतात तसं पुढच्या पोरीच्या चाकाला चिकटून राहायला तुझं काय जातं? तर म्हणते, मला कसंतरीच होतं आजोबा, पुढची बिचारी दमत असेल असं वाटतं. घ्या! शर्यतीत बिचारी! असलं कुठून शिकली कोण जाणे. आईबापाकडून नाही, ते तर — जाऊ दे. लहानपणापासून माझ्याजवळच आहे. रोज सकाळी आम्ही बरोबरच निघतो, मी वखारीत, ती शाळेत. मधे तो लांबलचक पूल. तिथे समोरून असा वारा येतो की माझी सायकल जागची हलत नाही — लाकडाचा भुसा छातीत बसलाय ना, डॉक्टर म्हणतात सायकल सोडा, सोडून खाऊ काय? — तर ही एवढीशी होती तेव्हापासून पूल आला की माझ्यापुढे होते. सारखी मान वळवून बघते. चिकटून राहा आजोबा, चिकटून राहा. तुम्ही शर्यतीआधी पायांना विश्रांती दे म्हणता, तरी येते. आज सकाळीसुद्धा आली. आणि मी आपला तिच्या मागे आरामात, वारा म्हणून अंगाला लाग—

हं? नाही, काही नाही. पाणी देऊ?

असं बघू नका ना माझ्याकडे. मला काय ठाऊक, मी शाळेचं तोंड पाहिलेला माणूस नाही. मला वाटायचं, माया आहे पोरीची. मायाच आहे की! — बरं, मी बसने जाईन. बसचा थांबा लांब आहे, असू दे. तिला मात्र सांगू नका. शपथ आहे तुम्हाला. सांगितलंत तर ही पोरगी बसच्याही पुढे सायकल घालेल.

फाटक वाजलं बघा, आलीच ती. उठा ताई, उठा. मागच्या दाराने जा.