कानाआधी गावभर

बाळगोपाळांनो, डोळे मिटा बरं! टाळकरी, तुम्हीसुद्धा – झोपायला नव्हे हो! असं समजा, घरात पाळणा सजलाय, आत बाळ आहे, आणि त्याचं नाव फक्त तुम्हाला ठाऊक आहे! पोटात गुदगुल्या होतात की नाही? आता सांगा – विश्वासानं सांगितलेली गोष्ट आपल्याच माणसांना सांगितली, तर बिघडलं कुठं?

मंडळी, ऐका! कऱ्हाडच्या केतकीच्या धाकट्या भावाचं बारसं ठरलं. बार्शीहून शालनआत्याचा फोन आला. "केतू, नाव शार्दूल! रांगोळीत तू काढायचंस. पण मी बाळाच्या कानात कुर्र केल्यावरच हं! तोवर कुणाला सांगायचं नाही."

"नाही गं आत्या!"

फोन ठेवला – आणि बोटं वळवळायला लागली! आईच्या मोबाईलवर घरचा ग्रुप होता. सगळे आपलेच तर आहेत! टाकलं नाव!

मग काय विचारता! काकूनं ते माहेरच्या ग्रुपवर धाडलं, तिथून भिशीच्या ग्रुपवर, तिथून भजनी मंडळाच्या! केतकीनं घाबरून पुसलं – पण लोकांच्या डोक्यातून कसं पुसणार? बारशाला गोविंदमामा केक घेऊन हजर. वर हिरव्यागार अक्षरांत – शार्दूल!

आत्या दारातच थबकली.

केतकी रडवेली झाली. "मीच सांगितलं. पण घरच्यांनाच गं!"

"अगं, पहिलं ऐकायचा मान बाळाचा होता. आता त्याला सोडून अख्ख्या कऱ्हाडाला ठाऊक!"

"बार्शीत माझ्या साडूलाही कळलंय," मामा म्हणाले.

"तुम्ही केक कापा!" आत्या कडाडली.

हसलात? हसा! पण पोरांचे आंघोळीचे फोटो, रडण्याचे व्हिडिओ आपण जगाला दाखवतो – कुणी त्या पोरांना विचारलं? ज्याची गोष्ट, त्याला आधी विचारावं. एवढा मान पाळण्यातल्या जिवालाही द्यायचा, मंडळी!

आत्याचा राग किती वेळ टिकणार? पोरीचे डोळे पुसून तिनं तिला जवळ ओढलं. "दुसरं नाव सुचलंय. रांगोळीसाठी तुला सांगते." केतकीच्या कानाशी तोंड नेलं. मामांनी मान पुढं काढली. काकूचा हात मोबाईलकडे गेला!

आणि केतकीनं काय केलं?

दोन्ही कान घट्ट दाबले आणि पाळण्याकडे मान वळवून ओरडली, "नको आत्या! आधी त्याला!"