अस्वलाच्या गावात अकरा बंद गाड्या

हॅलो? … हॅलो, ताई? … मी बोलतेय. … अगं मी, धाकटी. … हो, परवाच पोचलो. … आहे ना थंडी, विचारूच नकोस. ताई, भाऊजी आहेत का घरात? … तुझ्याशी नंतर बोलते, आधी भाऊजींना दे. … दाढी करतायत? मग अर्धी राहू दे.

… काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण … सांगितल्याशिवाय देणार नाहीस? … बरं, ऐक. पण मधे मधे बोलू नकोस.

सकाळी हे कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. तुला माहीत आहे ह्यांचं, बसले की तासभर. मी म्हटलं, तेवढ्यात एक फेरी मारून येते. हॉटेलसमोर एकच रस्ता आहे, थेट पाण्यापर्यंत जातो. … हो, टोपी घातली होती. … हो, कानांवरून. ताई, ऐक ना. … तर रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या, आणि एकीलाही कुलूप नाही. एकीचं तर दारसुद्धा नीट लागलेलं नव्हतं. … जुन्या गाड्या गं. काचेपाशी ती खुंटी असते ना, खाली दाबून दार लावलं की बंद? भाऊजींच्या पहिल्या गाडीला होती तशी. … आता एकतीस वर्षं मी बँकेत लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या. उघडं दार दिसलं की माझे हात शिवशिवतात. … हो. केल्या बंद. … सगळ्या. अकरा. … कुणी सांगितलं नव्हतं गं. मला वाटलं, साधी माणसं आहेत बिचारी, विसरली असतील.

… आमचं घर? लावलंय की, दोनदा ओढून बघितलं. … आत्ता त्याचं काय?

… पुढचं ऐक, मग हास. नाश्त्याला आमच्या टूरचा गाईड सांगत होता, इथं गाडीला कुणी कुलूप लावत नाही. मुद्दाम. पांढरं अस्वल गावात शिरलं, तर रस्त्यावरच्या माणसानं दिसेल त्या गाडीत घुसायचं. त्यासाठी उघड्या ठेवतात. … हो. … हो ताई, त्याच गाड्या.

… सांगणार होते गं. पण तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, पाण्याकडे अस्वल दिसलंय, आणि सगळे ताटं टाकून उठले. गाईड, आमच्या ग्रुपमधले डॉक्टर नवरा-बायको, एक म्हातारीबाई आणि हे. हे सगळ्यांच्या पुढे. जाता जाता मला म्हणाले, तू काळजी करू नकोस, गाड्या आहेतच. … तेच तर ना. … ह्यांचा फोन खोलीत चार्जिंगला लावलाय. … काउंटरवरची बाई अजून कामावर आलेली नाही. … किल्ल्या? गाड्यांच्या आतच लटकतायत. कुलूपच लावायचं नाही, तर किल्ली कोण काढणार? … नसती उठाठेव केली, मान्य आहे. पण ताई, ह्यांचे गुडघे तुला माहीत आहेत. हे पळू शकतात का? … नाही ना? मग दे भाऊजींना. गॅरेज त्यांनी चालवलं, तू नाही.

… भाऊजी? नमस्कार. … हो, मजेत. … नाही, मजेत नाही. भाऊजी, बंद गाडी किल्लीशिवाय कशी उघडायची? … चोरायची नाहीये हो. … ते ताई सांगेल. … हो, खुंटीवाली. … तारेचा हँगर? आहे, ह्यांच्या कोटाचा. थांबा. … कोट टाकला पलंगावर. … आले बाहेर. फोन टोपीत खोचलाय, मोठ्यानं बोला.

… केला सरळ. … टोकाला फास. केवढा? … शर्टाच्या बटणाएवढा. बरं. … काच जराशी खाली राहिलेली गाडी? … आहे, निळी. बोटभर फट आहे. … घातली तार आत. … बसत नाहीये. खुंटीवरून घसरतेय. … हातमोजे काढले तर बोटं गळून पडतील हो. … काढले. … ताई, दोन स्वेटर घातलेत मी. भाऊजी, तुम्ही स्पीकरवर कशाला टाकलंय?

… कसला आवाज? … भोंगा आहे तो. … म्हणजे आलं. अस्वल गावात आलं. … मी हॉटेलात नाही जाणार. … नाही म्हटलं ना. तुम्ही पुढचं सांगा. … भाऊजी, हे येतायत. पळतायत. आमचे हे पळतायत हो. … मागे … हो, मागे पांढरं काहीतरी आहे. लांब आहे, पण आहे. … ह्यांनी पहिल्या गाडीचं दार ओढलं. … दुसरीचं. … तिसरीचं. … देवा, मी काय करून बसले. … म्हातारीबाई ह्यांना मागे टाकून पुढे आली. … फास मोठा झालाय का? … आवळला. … पुन्हा घालते. … बसला. … ओढू वर? … … उघडलं. भाऊजी, उघडलं!

अहो, इकडे. निळी गाडी. निळी. ती पाचवी सोडा, तिचं दार मी स्वतः ओढून बघितलंय.

…

हॅलो? … हळू बोल. आत आहोत. … सगळे. पाचजणांच्या गाडीत सहाजण. म्हातारीबाई माझ्या मांडीवर आहे. … ह्यांना धाप लागलीय, बाकी ठीक. … अस्वल? अगदी खेटून गेलं गं. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली. मग कंटाळलं असेल, गेलं पलीकडे पाण्याकडे. … नाही, फोटो नाही. कॅमेरा गळ्यातच लटकतोय. ह्यांनी तिकडे पाहिलंच नाही, माझ्याकडेच बघत होते. … प्रेमानं नाही गं. माझ्या हातातल्या तारेकडे बघत होते.

… थांब. गाईड विचारतोय, दारं कुणी बंद केली. भलताच चिडलाय. … मी काय सांगू? … थांब, हे बोलतायत.

… ताई. हे म्हणतायत, मी केली. … हे गं, हे. रजेसाठी ज्यांनी कधी खोटी डोकेदुखी सांगितली नाही, ते. … त्यांनी कुठून केली, ते तर काच पुसत होते. … गाईड नाही नाही ते बोलतोय, आणि हे मान खाली घालून ऐकून घेतायत. … रडत नाहीये. … बरं, रडतेय. मला बघवत नाहीये ताई. … नाही, गप्प नाही बसणार. भाऊजी काहीही म्हणू देत.

अहो गाईडदादा, ह्यांचं ऐकू नका. ह्यांना काही माहीत नाही. मी बंद केल्या. अकराच्या अकरा.

… सांगितलं. … म्हातारीबाई तर हसत सुटलीय, माझ्या मांडीला मुंग्या आल्या. … हो, भोंगा थांबला. … गाईडनं दार उघडून नुसतं बोट दाखवलं. उरलेल्या दहा. … आत्ताच. अस्वल परत यायच्या आत.

… ताई, ठेवते. हे खाली उतरून थांबलेत. … म्हणतायत, हातमोजे घाल आधी, तार मी धरतो. … हो. … हो, सांगते त्यांना. … ठेवते.