घरात ठेवण्यालायक नाही

— नाही, मास्तर, वही मिटू नका. आधी शेरा, मग चहा. लिहा, 'घरात ठेवण्यालायक नाही.' तीन तर शब्द आहेत. आमच्या चिरंजिवांनी काय सांगितलंय तुम्हाला? कुत्रीला सहा आठवडे शिकवा, आणि सुधारणार नसेल तर तसं लिहून द्या, आपण परत पाठवू — असंच ना? परत म्हणजे काही उकिरड्यावर नाही, जिथून आणली त्या मेंढपाळाकडे. मोकळं रान आहे, दोनशे मेंढ्या आहेत, सख्खी आई आहे तिची तिथे. मग? आज तुमचा शेवटचा तास. आणि आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत काय झालं? तुम्ही 'बस' म्हणालात आणि ही बया टीपॉयवरून उडी मारून तुमच्या पिशवीत तोंड घालून मोकळी! सहा आठवडे नुसतं पालथ्या घड्यावर पाणी. तुमचा दोष नाही हो त्यात. जातच ती, मेंढरं राखणारी, तिला घर म्हणजे काय कळणार?

आणि घराचं घरपण तरी कुठे ठेवलंय तिनं. भिंगरी नाव नातीनं ठेवलं, आणि पोरगी नावाला जागली. सात महिन्यांचं पिल्लू, पण चौघांना पळता भुई थोडी केलीय. नातू एका खोलीत, नात दुसऱ्या खोलीत, हे हिला बघवत नाही — घोट्याला दात लावत लावत दोघांना एका कोपऱ्यात आणून उभं करणार, तेव्हा कुठे जीव थंड. सूनबाई कधी घरूनच दार लावून ऑफिसच्या मीटिंगला बसली की ही दाराबाहेर गळा काढते — एक मेंढरू कमी पडतं ना! परवा चिरंजीव टॉवेल गुंडाळून बाथरूममधून निघाले, त्यांना हाकत हाकत थेट जेवणाच्या टेबलापर्यंत आणलं. टेबलाशी सूनबाईच्या ऑफिसातल्या साहेबीणबाई बसलेल्या. मी तर पदर तोंडात कोंबून आत पळाले. — हसा, हसा तुम्ही, पण हसून झाल्यावर लिहा.

काय? ती माझ्याकडे का बघते? कधी? — छे हो, माझ्याकडे कशाला बघेल, खिडकीकडे बघत असेल, मी खिडकीखाली बसलेय म्हणून तुम्हाला तसं वाटलं. प्रत्येक वेळी? तुम्ही 'बस' म्हणता आणि ती आधी माझ्याकडे बघते? बाई बाई, बारीक लक्ष आहे हो तुमचं. — अहो, खायला मी घालते तिला, सकाळ-दुपार-संध्याकाळ, तर बघणार नाही का? हात मांडीवर ठेवू? कोणाचा, माझा? कशासाठी? — बरं, हा ठेवला. म्हणा आता काय म्हणायचं ते.

...

बसली. हो, बसली, दिसतंय मला. दमली असेल.

असं टक लावून बघू नका माझ्याकडे, मास्तर. माझं वय बासष्ट आहे, आणि आजवर कुणी मला असं चोरासारखं पकडलेलं नाही. बरं, झालं तुमच्या मनासारखं? केलं मी. तुम्ही सोमवारी शिकवायचात, मी मंगळवारी उलटं करायची. तुम्ही गुरुवारी शिकवायचात, मी शुक्रवारी. हात मांडीवर असला तर बसायचं, वर गेला की उडी. बोलून नाही, बोलून केलं असतं तर नातीनं लगेच चहाडी केली असती, ती एक नंबरची. म्हणून नुसता हात. उकडलेल्या अंड्याचे तुकडे खिशात ठेवायची आणि दुपारी सगळे बाहेर गेले की आमची शाळा. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सूनबाई म्हणते, आई किती शांत बसून असतात हो, कशात नसतात. खाली मुंडी आणि पाताळ धुंडी, हे तिला अजून ठाऊक नाही.

कशासाठी म्हणजे? तुम्हाला सांगून काय उपयोग — पण आता सांगते, एवीतेवी अब्रू गेलीच आहे. माझी धाकटी बहीण आहे, इथून दोन तासांवर, शिवणाचं दुकान आहे तिचं. आम्ही दोघी लग्नाआधी एकाच टेबलावर काम करायचो, कटिंग माझं, शिलाई तिची. माझ्या हातची कात्री एकदा कापडावर ठेवली की मागे यायची नाही. तिचे डोळे आता थकलेत, कापायला बसली की रेघ चुकते. ती म्हणते, ये गं, वरची खोली रिकामी आहे, खिडकी रस्त्यावर उघडते, दोघी मिळून दुकान चालवू. हे ती कधीपासून म्हणते? नातवाच्या जन्माआधीपासून. तेव्हा चिरंजीव म्हणाले, जा ना आई, तुला कोण अडवतंय, फक्त बाळ जरा मोठं होऊ दे. बाळ मोठं झालं, तर नात झाली. मग ती शाळेत जाईपर्यंत. बरं, गेली शाळेत. मी त्याच रात्री जेवताना सांगितलं, आता मी निघते. सगळे म्हणाले, हो आई, जायलाच हवं तुम्ही. सूनबाईनं तर मला नवी बॅग आणली, चाकांची. आणि आठव्या दिवशी चिरंजीव टोपलीत हे घेऊन दारात उभे! 'आई, तुला दिवसभर एकटं वाटायला नको.' एकटं! अरे, मला एकटंच तर राहायचं होतं रे चार दिवस! आणि मग लगेच — 'एवढं पिल्लू मोठं होईपर्यंत थांब, आम्ही दोघं कामावर, बघणार कोण?'

नाही नाही, वाईट नाहीत ती. तिथेच तर घोडं पेंड खातं. वाईट असती तर भांडून गेले असते, दाणकन दार आपटून. कुणी एक शब्द वाकडा बोलत नाही हो मला. आई ही गोळी घेतलीत का, आई पंखा लावू का. जिभेवर नुसती साखर. आणि मी गुदमरते, मास्तर. हे स्वयंपाकघर, ही खुर्ची, ही खिडकी, आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षांत मला कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. नाही म्हणालं असतं तर हो म्हणवून घ्यायला काहीतरी जागा उरली असती. मला जायचंय हो. कुणावर रागावून नाही, कंटाळून नाही — मला कापड कापायचंय. बहीण पाच महिने थांबली, आता म्हणाली, ताई, एक तारखेपर्यंत वाट बघते, मग दुसरी बाई ठेवते, माझा नाइलाज आहे. एक तारखेला नऊ दिवस उरले. तुम्ही तीन शब्द लिहिलेत की पिल्लू रानात, मी बसमध्ये, सुंठीवाचून खोकला गेला. लिहा ना. पेन नाही का चालत?

आणखी काय काय येतं तिला? कशाला हवंय ते तुम्हाला? — येतं बरंच. सांगू? नाही, दाखवतेच, थांबा, त्या खुर्च्या मधे ओढा, त्या आपल्या मेंढ्या. हे बघा, बोट असं फिरवलं — डावीकडून गेली की नाही गोल? आता असं — उजवीकडून. तळहात — झोपली! पोट जमिनीला लावून, शेपूट सुद्धा हलत नाही, बघा. दोन बोटं — आता हळूहळू पुढे, एकेक पाऊल... आणि मूठ. संपलं. ये गं, ये माझी बाय, घे. नातवंडांना मी अशीच जेवायला बोलावते, हाक मारावी लागत नाही, ही अंगणातून हाकत आणते दोघांना. त्यांना वाटतं, खेळतेय. काय म्हणता? दोन वर्षं लागतात? तुमच्याकडच्या कुत्र्यांना हे शिकायला दोन वर्षं? अहो, काहीतरीच! आम्हाला दुपारी दोन तास मिळायचे, तेवढ्यात. हुशार आहे हो पोर. खोटं कशाला बोलू, काही काही दुपारी मी विसरायचीच की मी हिला बिघडवायला बसलेय. एकदा तर इतकी हसले, इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. कितीक वर्षांनी हसले असेन तशी.

हे काय, वही का मिटलीत?

एका माणसाचं कुत्रं — म्हणजे? हां. हां. म्हणजे आता ती मेंढपाळाकडे गेली तरी... त्याचं ऐकणार नाही? लहान आहे ना अजून, शिकेल की. नाही शिकणार? जेवण सोडेल? कशावरून पण? — असं एक होतं तुमच्याकडे. किती दिवस जगलं? ... नको, सांगू नका.

मग बहिणीकडे घेऊन जाते! बरोबर घेऊन — नाही, कुठली घेऊन जाते. तिला दमा आहे. मांजर दुकानात शिरलं तरी चार दिवस छाती धरून बसते. आणि चोवीस तास कापडाच्या ढिगात राहायचं तिनं, त्यात हिचे केस. नाही, ते नाही व्हायचं. मग मी सोडवते ना तिची सवय! जशी लावली तशी सोडवते. नातीच्या हाताखाली देते हळूहळू, सूनबाईच्या हाताखाली देते. किती दिवस लागतील? आठ दिवस? दहा? तुम्ही बोटं काय दाखवता मला, तोंडानं सांगा. आठवडे ना? ...

सहा महिने.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. कुणी बांधलं नव्हतं मला, मास्तर. नुसतं उठून चालू लागायचं होतं. ते धैर्य झालं नाही, म्हणून या मुक्या जिवाला मधे घातलं, आणि स्वतःच्या हातानं, अंड्याचे तुकडे भरवून भरवून —

फोन वाजतोय? वाजू दे. बहीण दुपारी दुकान बंद करते या वेळी, आणि तारीख पक्की केलीस का म्हणून विचारते. उचलून काय सांगू, पिल्लू मोठं होऊ दे म्हणून?

जा तुम्ही. शेरा लिहा, 'उत्तम शिकली आहे.' खरं आहे ते. चिरंजीव खूश होतील. नाही, चहा नको आता, पुन्हा कधीतरी. ही बघा, पायावर डोकं टाकून झोपलीसुद्धा. दार तेवढं बाहेरून ओढून घ्या. मी उठले की ती उठते.