पोतंवाला शेठ

(तुरुंगातली भेटीची खोली. जाळीच्या आत नवरा. बाहेर त्याची बायको आणि वकीलबाई.)

नवरा : पण मॅडम, अपिलात असं लिहायचं? 'माझ्याकडे माल नव्हताच, मी नुसत्या बाता मारत होतो'? अगदीच फाटका दिसेन मी.

वकीलबाई : फाटकेच दिसा. खिशात सापडली एक पुडी. पोतं तुम्ही फोनवर तोंडाने भरलंत. 'आपल्याकडे पोतंभर गांजा कायम पडून असतो.' पोलीस ऐकत होते. कोर्टाने पोतं धरून दहा वर्षं दिली.

नवरा : मित्रापुढे बोललो हो! तो लगेच 'शेठ' म्हणायला लागला.

बायको : शेठ! घरात पिठाचा डबा ठेवायला जागा नाही, तो पलंगाखाली. पोतं काय डोक्यावर घेऊन झोपायचे?

वकीलबाई : हे शपथेवर लिहून द्याल?

बायको : आनंदाने. लग्नाआधी म्हणाले, तीन मजली घर आहे. जाऊन बघते तर तिसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली.

नवरा : मजले तीनच होते ना?

बायको : आणि ऑफिसात म्हणे साहेबांचा उजवा हात. खरंच होतं ते. त्याच हाताने साहेबांची गाडी पुसायचे.

नवरा : चारचौघांत अब्रू घालवू नकोस.

बायको : ती आत येताना घड्याळाबरोबर जमा नाही का केलीत?

वकीलबाई : अपिलाची मुदत संपत आलीय. काय ते ठरवा.

नवरा : इथे मला मान आहे, मॅडम. पोतंवाला म्हणतात. चहा पहिला मला मिळतो.

बायको : मग प्या दहा वर्षं. गार होईल तो.

नवरा : ...चिमणी कशी आहे? शाळेत विचारतात का तिला माझ्याबद्दल?

बायको : विचारतात की. ती सांगते, बाबा बोटीवर कॅप्टन आहेत. दोनशे खलाशी हाताखाली.

नवरा : दोनशे? तू शिकवलंस?

बायको : मी कशाला शिकवू? तुमचीच लेक. आता तर सगळ्या वर्गाला कबूल करून बसलीय, बाबा आले की बोटीतून फिरवणार म्हणून. मुली रोज विचारतात, कधी येणार. घरी येऊन ती मला विचारते.

वकीलबाई : वेळ संपली. शिपाई येतोय.

नवरा : लिहा, मॅडम. पोतं नव्हतं. कधीच नव्हतं. आणि तू... बोटीचं तिला इतक्यात काही बोलू नकोस. ते मी येऊन सांगतो.