तिसरी हाक

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठी घरं आणि मागे डोंगरभर रान. सुकी काटकीच आणायची, ओल्या झाडाला कोयता लावायचा नाही, वणवा लागला की बायांनीच ओल्या फांद्या घेऊन धावायचं, हे सगळं शिकवलं जैतून खालाने, माझ्या आईच्या बहिणीने. आणखी एक शिकवलं. रानात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतं. दुसरं काही असेल ते दोनवर थांबतं.

लग्न करून दुबईत आले, आता जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात फायली लावते. परदेशी कंपन्या रानं राखायला पैसे देतात, त्यातला वाटा राखणाऱ्या गावांना पोचवायचा, हे आमचं काम. काय सांगू तुम्हाला, गेल्या साली फाइल आली ती आमच्याच रानाची. आत लिहिलेलं, माणसाचा वावर नाही. वावर नाही म्हणजे गावाला वाटा नाही. मी मॅनेजरना विचारलं, सर, मग वणवे कोणी विझवले, तर म्हणाले, झाडांवर माइक लावलेत, वर्षभर फक्त पक्षी, उद्या फाइल खलास. गावी भावजयीला फोन लावला. ती उसळलीच, म्हणे तुमच्याच लोकांनी कुंपण घातलं, वर्षभरात एक बाई आत गेली नाही, आणि आता म्हणता वावर नाही?

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग ऐकत बसले. वारा, सातभाई पक्ष्यांचा कलकलाट, परत वारा. मग हाक आली, जमीलाऽऽ. माझं नाव. खालाचा आवाज, शेवटचं अक्षर तसंच लांबवलेलं. खालाला जाऊन सात वर्षं झालीत. दुसरी आली. मी आवाज वाढवला. तिसरी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ओ खाला.

घरी मुलाला ऐकवलं तर म्हणतो, मम्मा, इट्स जस्ट अ बर्ड. मॅनेजरनी मात्र ऐकलं आणि म्हणाले, ये तो औरत है, कौन है? मी म्हटलं, जैतून, जन्मभर याच रानात जायची. जिवंत आहे का ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यांनी गावात माणूस पाठवला, त्याने बायांच्या पायांवरचे भाजल्याचे डाग पाहिले, कुंपणाला फाटक झालं, वाटा बायांच्या नावावर लागला.

अल्ला खालाला जन्नत देवो. दर महिन्याला नवं रेकॉर्डिंग येतं, बाया एकमेकींना हाका मारतात, हसतात. मधेच माझं नाव येतं. पण आता दोनदाच. मी ओ देत नाही.