हातात राहिलेल्या काटक्या

मंडळी, ऐका! खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा! झोप घरी चांगली लागते, इथं नुसती मान दुखेल! आज एकच प्रश्न घेतो. दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे आपण कधी सांगावं? त्याला विचारल्यावर, का विचारायच्या आधीच? — हसलात ना! सुनेला काय आवडतं, हे सासूला विचारा. कसं फडाफडा सांगेल! सून तिथंच उभी!

आज पुराणातलं आख्यान नाही. माझंच आहे. आणि यातला राक्षस शोधायला लांब जाऊ नका. तो फेटा बांधून तुमच्यासमोर उभा आहे!

यवतमाळच्या डोंगरात खैरपोड. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. वीस घरं, जंगलाच्या कुशीत. ज्वारी पेरतील, बांबूची टोपली विणतील, बाजाराला येतील आणि उन्हं कलायच्या आत परत जातील. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत! पण डोंगराच्या पोटात निघाली चुनखडी, आणि एका कंपनीला अख्खा डोंगर हवा झाला. डोंगर गेला की पोड गेलं, झरा गेला, त्यांचा देवही गेला.

आता कायदा म्हणतो, आधी ग्रामसभेला विचारा. तालुक्याचे सरकारी साहेब विचारायला निघाले आणि वाटेत मला गाडीत घेतलं. "महाराज, लोक तुमचं ऐकतात. दोन शब्द बोला." आणि मी? साहेबाच्या गाडीत बसायला मिळतंय म्हटल्यावर — निघालो की!

पोडाच्या मधोमध चावडी, चावडीत विस्तव. बाया-बाप्ये सगळे जमलेले, प्रत्येकाच्या हातात एक काटकी. मला वाटलं, थंडीचे दिवस आहेत, शेकायला आणली असेल. साहेबांनी पाऊण तास सांगितलं — पक्की घरं, नळ, नोकऱ्या! मग मी सांगितलं — त्याग! अहो, डोंगर दुसऱ्याचा असला की त्यागावर काय रसाळ बोलता येतं!

साहेबांनी विचारलं, "कबूल आहे का?"

शांतता.

"कुणाचा विरोध?"

तरी शांतता! साहेबांचं पेन अडलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "महाराज, काय समजायचं?"

मी छाती फुगवली आणि म्हणालो — "मौनं संमतिलक्षणम्!"

झालं! साहेबांनी लिहिलं, 'एकमताने मंजूर.' सगळ्यांचा फोटो काढला. पोडातल्या म्हाताऱ्या लच्चीबाईनं आम्हाला कोरा चहा दिला. मी तो मिटक्या मारत प्यालो!

महिन्यानं बाजारात लेतू टेकाम भेटला. पोडाचा नाईक, म्हणजे तिथला मुखिया; लच्चीबाईचा मुलगा. म्हणाला, "महाराज, डोंगरावर कंपनीचे खांब गाडले. आमी तं नाई म्हनलं होतं!"

"कधी? तुम्ही तर तोंडच उघडलं नाही!"

"तोंड कायले उघडाचं? आमच्या चावडीत ज्याले पटलं, तो काटकी विस्तवात टाकते. नाई पटलं तं हातातच ठेवते. पाव्हन्याले तोंडावर नाई म्हनून त्याचा अपमान कायले कराचा?" मग हळूच म्हणाला, "एकबी काटकी पडली नाई, महाराज. तुमी समोरच बसले होते ना."

मंडळी, भर बाजारात मला रडू आलं. लाज वाटली हो! त्यांनी आमचा मान राखायला 'नाही' गिळलं, आणि मी संस्कृताचा एक तुकडा फेकून त्यांची वीस घरं पुसली!

पोडानं तक्रार केली, जिल्ह्याला सुनावणी लागली. मी आपणहून उभा राहिलो. वरच्या अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्ही साक्षीदार?" म्हटलं, "साक्षीदारही मी, गुन्हेगारही मीच!" साहेबांचाच फोटो पुढं ठेवला. "बाईसाहेब, प्रत्येकाचा हात बघा. काटकी हातात म्हणजे नकार!" लेतूनं रीत समजावून सांगितली. बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला आणि ठराव रद्द केला.

टाळ्या नकोत! डोंगर अजून वाचलेला नाही. हुकूम झालाय, सभा पुन्हा घ्या. ती आहे येत्या सोमवारी.

मी पोडावर माफी मागायला गेलो. लच्चीबाईला म्हटलं, "आई, शिक्षा सांगा." ती म्हणाली, "चावडीत बस. दिवसभर. बोलू नोको."

कीर्तनकाराला, मंडळी! त्यापेक्षा चार फटके परवडले असते! सकाळभर जीभ नुसती वळवळत होती. दुपारी मात्र कान उघडले. शेजारी कुणी बांबू सोलत होतं. झऱ्यावर बाया हसत होत्या. एक म्हातारा नातीला झाडं दाखवत होता, एकेकाचं नाव सांगत होता, त्यांच्या कोलामीत. मला एकही नाव कळलं नाही! ज्यांच्या वतीनं मी ऐटीत बोललो, त्यांची भाषासुद्धा मला येत नव्हती!

तर मंडळी, कंपनी आता दुसरा गोड बोलणारा शोधते आहे. तो कुठून येईल? आपल्यातूनच! सरपंच येईल, मास्तर येईल, गळ्यात माळ घालून येईल. 'त्यांच्या भल्याचंच आहे,' म्हणेल. आपण सगळे म्हणतो! अडाणी आहेत, मागासलेले आहेत, त्यांना माणसांत आणलं पाहिजे! अहो, इथून पोड चौदा किलोमीटर आहे. तिथल्या दोन माणसांची नावं सांगा बरं, आत्ता ऐकलेली सोडून! — बघा, कुणाचं तोंड उघडेना.

चला, आता जयघोष... नको. टाळ खाली ठेवा. बुवा, मृदंगावरचा हात काढा. देवाला आज आरोळी नको. सोमवारी सकाळी आठला याच देवळापुढून निघायचं आहे. ज्याला यायचं त्यानं या. चावडीच्या कडेला जागा धरू, आणि ते बोलेपर्यंत गप्प बसू.